आकाशाची हजेरी

मुलांनो, तुमच्या वर्गात रोज सकाळी काय होते, ते आठवून पाहा. प्रार्थना होते. फळ्याच्या कोपऱ्यात वार आणि दिनांक लिहिला जातो. मग बाई किंवा गुरुजी हजेरीपुस्तक उघडतात आणि एकेकाचे नाव घेतात. रोज तीच नावे आणि रोज तेच उत्तर! कधीकधी तुम्हांला त्याचा कंटाळाही येत असेल.

पण ते हजेरीपुस्तक वर्षाच्या शेवटी उलटून पाहिले तर? एका दिवसाच्या हजेरीवरून फारसे काही कळत नाही. वर्षभराची पाने एकापुढे एक पाहिली, की मात्र ती बोलू लागतात. भातलावणीच्या दिवसांत किती मुले घरी राहिली, तापाची साथ कोणत्या महिन्यात आली, कोणते मूल एकाएकी शाळेत येईनासे झाले, हे सारे त्या पानांवरून समजते. रोज न चुकता हजेरी घेतली नसती, तर हे कोणाला कळले असते?

अशीच एक हजेरी पृथ्वीच्या दक्षिण टोकाजवळ गेली अनेक वर्षे घेतली जात आहे. ती मुलांची नव्हे, आकाशाची हजेरी आहे. एकदा या हजेरीत एक मोठी गैरहजेरी सापडली आणि साऱ्या जगाला खडबडून जाग आली. त्याचीच ही हकिकत आहे.

इंग्लंडमध्ये केंब्रिज नावाचे जुने शहर आहे. तेथील विद्यापीठ जगात प्रसिद्ध आहे. याच शहरात ‘ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे’ या संस्थेचे मुख्य कार्यालय आहे. अंटार्क्टिका खंडाचा अभ्यास करणे, हे या संस्थेचे काम.

शाळेतला पृथ्वीचा गोल हातात घ्या आणि त्याचा तळ पाहा. तेथे पांढऱ्या रंगाचा एक मोठा प्रदेश दिसेल. तेच अंटार्क्टिका खंड. तेथे गाव नाही, शेत नाही, झाड नाही. जवळजवळ सारी जमीन बर्फाखाली गेली आहे आणि त्या बर्फाची जाडी सरासरी सुमारे दोन किलोमीटर आहे. तेथे ऋतूही आपल्या उलट असतात. आपण मे महिन्यात घामाघूम होतो, तेव्हा तेथे हिवाळा सुरू होत असतो. आपल्याकडे थंडी पडते, तेव्हा तेथे उन्हाळा असतो. अर्थात, तो उन्हाळाही बर्फातलाच!

अशा ओसाड जागी शास्त्रज्ञ कशासाठी जातात? कोणी तेथील खडक तपासतात. त्या खडकांत झाडांच्या पानांचे ठसे सापडले आहेत. म्हणजे फार फार वर्षांपूर्वी तेथे हिरवी झाडी होती! तशाच पानांचे ठसे आपल्या विदर्भातील खडकांतही मिळतात, कारण त्या काळी भारत आणि अंटार्क्टिका एकाच विशाल भूखंडाचे भाग होते. कोणी बर्फात खोल भोक पाडून त्याचे लांब दांडे बाहेर काढतात. त्या बर्फात जुन्या काळच्या हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. कोणी पेंग्विन, सील आणि अल्बाट्रॉस या प्राण्यापक्ष्यांची मोजदाद करतात. पक्ष्यांच्या पायांत खुणेची कडी घालतात आणि कोणता पक्षी परत आला, कोणता आला नाही, हे वर्षानुवर्षे लिहून ठेवतात. खडक असो, बर्फ असो की पक्षी असो, काम एकच असते. नीट पाहायचे, मोजायचे आणि लिहून ठेवायचे.

आपल्या गोष्टीतले काम होते हवेचे. ते हॅले नावाच्या ठाण्यावर चालत असे. हॅलेचा धूमकेतू तुम्ही ऐकला असेल. ज्या शास्त्रज्ञाच्या नावावरून त्या धूमकेतूला नाव मिळाले, त्या एडमंड हॅले यांचेच नाव या ठाण्याला दिले आहे. केंब्रिजपासून हॅले सुमारे चौदा हजार किलोमीटर दूर आहे. इंग्लंडच्या ‘रॉयल सोसायटी’ने १९५६ साली हे ठाणे उभारले.

हॅले ठाणे जमिनीवर नाही. ते समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या प्रचंड लादीवर आहे! ही लादी हळूहळू समुद्राकडे सरकत असते. वरून पडणारे बर्फ साठत जाते आणि घरे त्यात गाडली जातात. पहिली चार ठाणी अशीच एकामागून एक बर्फात गडप झाली. प्रत्येक वेळी नवे ठाणे बांधावे लागले. हिवाळ्यात तेथे साडेतीन महिने सूर्य उगवतच नाही. तापमान कधीकधी शून्याखाली पन्नास अंशांपर्यंत उतरते. जहाज फक्त उन्हाळ्यात पोहोचू शकते. एकदा ते परत गेले, की मागे राहिलेल्या मूठभर माणसांना कित्येक महिने एकमेकांचाच आधार असे.

ही माणसे रोजची कामे करता करता एक काम नेमाने करीत. सूर्य दिसत असेल तेव्हा ती आकाशातला ओझोन वायू मोजत.

ओझोन म्हणजे काय? आपण श्वासावाटे जो प्राणवायू घेतो, त्याच्या प्रत्येक रेणूत दोन अणू असतात. तेच अणू तीन-तीन मिळून एकत्र आले, की ओझोन तयार होतो. आकाशात साधारण पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवर ओझोनचा पट्टा आहे. सूर्यप्रकाशाबरोबर अतिनील नावाचे किरण येतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण जास्त प्रमाणात अंगावर पडले तर त्वचेला व डोळ्यांना इजा करतात. त्यांच्यामुळे त्वचेचा कर्करोग होऊ शकतो, मोतीबिंदू वाढू शकतो. ओझोनचा पट्टा यांतले बहुतेक घातक किरण वरच्यावर अडवतो. आपल्या डोक्यावर धरलेली ती एक छत्रीच आहे म्हणा ना!

ही छत्री किती जाड असेल? आकाशातला सारा ओझोन खाली आणून जमिनीवर पसरला, तर त्याचा थर फक्त तीन मिलिमीटर जाडीचा होईल. म्हणजे एखाद्या पातळ भाकरीएवढा! एवढ्याशा थरावर पृथ्वीवरील माणसांची, प्राण्यांची आणि वनस्पतींची सुरक्षितता अवलंबून आहे.

इतक्या उंचावरचा वायू जमिनीवरून कसा मोजायचा? त्यासाठी इंग्लंडमधील शास्त्रज्ञ गॉर्डन डॉबसन यांनी १९२० नंतरच्या काही वर्षांत एक यंत्र तयार केले होते. ते यंत्र सूर्यप्रकाशातले दोन प्रकारचे किरण निवडते. पहिल्या प्रकाराला ओझोन बराच अडवतो. दुसऱ्याला फारसा अडवत नाही. चहाच्या गाळणीतून चहा सहज खाली येतो, पण पावडर अडते. पावडर किती अडली यावरून गाळणी किती बारीक आहे, ते कळते ना? तसेच हे आहे. पहिला प्रकार दुसऱ्याच्या मानाने किती कमी पोहोचला, यावरून मध्ये ओझोन किती आहे, ते काढता येते. हे माप ‘डॉबसन एकक’ या नावाने सांगतात. तीन मिलिमीटर थर म्हणजे ३०० डॉबसन.

हॅले येथील माणसे हे आकडे कागदावर उतरवून ठेवत आणि ते कागद जहाजाने इंग्लंडला जात. एक वर्ष गेले, दहा वर्षे गेली, वीस वर्षे गेली. या कामावर जोसेफ फार्मन नावाचे शास्त्रज्ञ देखरेख करीत. तेच तेच मोजून काय मिळणार, असा प्रश्न त्यांना विचारला जाई. पण फार्मन यांनी मोजणी थांबू दिली नाही.

१९७७ साली जोनाथन शँकलिन नावाचे तरुण शास्त्रज्ञ या संस्थेत आले. हाताने लिहिलेल्या ओझोनच्या नोंदींचा ढीग साचला होता. तो संगणकात उतरवून आकडेमोड करण्याचे काम त्यांच्याकडे आले. काम किचकट होते. एकेक आकडा तपासून भरायचा होता.

त्या काळी लोकांत एक भीती पसरली होती. सुगंध किंवा रंग फवारण्याच्या डब्यांतील वायूंमुळे आकाशातला ओझोन नष्ट होईल, असे वर्तमानपत्रांत येत होते. संस्थेचे काम पाहण्यासाठी लोक यायचे होते. घाबरण्याचे कारण नाही, हे त्यांना दाखवून द्यावे, असे शँकलिन यांनी ठरवले. त्यासाठी त्यांनी नव्या नोंदी आणि वीस वर्षांपूर्वीच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. दोन्ही सारख्याच असतील, अशी त्यांची खात्री होती.

पण त्या सारख्या नव्हत्या! अंटार्क्टिकावर वसंत ऋतू असतो त्या महिन्यांतले, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमधले नवे आकडे फारच कमी होते.

आता मुलांनो, तुम्ही काय केले असते? आपल्याला हवे तसे उत्तर आले नाही, म्हणून ती पाने मिटून ठेवली असती का? की लगेच धावत जाऊन सर्वांना सांगितले असते?

शँकलिन यांनी यांतले काहीच केले नाही. त्यांनी ती घट फार्मन यांना आणि ब्रायन गार्डिनर या सहकाऱ्यांना दाखवली. तिघांनी विचार केला. एखादे वर्ष वेगळे असू शकते. यंत्र बिघडलेले असू शकते. आकडा लिहिताना चूक झालेली असू शकते. त्यांनी एकेक शंका तपासली. १९८२ साली हॅले येथे दुसरे यंत्र बसवले होते, तरी घट दिसतच होती. दूरच्या दुसऱ्या ब्रिटिश ठाण्यावरील नोंदीही त्यांनी ताडून पाहिल्या. वर्षामागून वर्ष वसंत ऋतू येत होता आणि प्रत्येक वसंतात ओझोन आणखी कमी भरत होता. पूर्वी ऑक्टोबर महिन्यात जेथे सुमारे ३०० डॉबसन भरत, तेथे १९८४ साली सुमारे २०० उरले होते. तीन हिश्शांतला एक हिस्सा नाहीसा झाला होता!

आता शंका उरली नाही. १६ मे १९८५ रोजी ‘नेचर’ या लंडनहून निघणाऱ्या विज्ञानाच्या साप्ताहिकात फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांचा लेख प्रसिद्ध झाला. जगभरचे शास्त्रज्ञ चकित झाले. अमेरिकेचा एक उपग्रहही तेव्हा आकाशातून ओझोन मोजत होता. त्यानेही ही घट टिपली होती. पण इतके कमी आकडे संशयास्पद वाटून त्यांवर नुसती खूण करून ठेवली गेली होती. ते पुन्हा तपासले, तेव्हा कळले की घट फक्त हॅलेवर नाही, ती जवळजवळ साऱ्या अंटार्क्टिका खंडावर पसरली आहे. लोक तिला ‘ओझोनचे छिद्र’ म्हणू लागले. खरे तर ते आरपार छिद्र नव्हते. जुनी साडी एखाद्या जागी विरून झिरझिरीत होते, तसा तो पट्टा तेथे विरला होता.

हे केले कोणी? दोष होता क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजेच सीएफसी या माणसाने बनवलेल्या वायूंचा. हे वायू फ्रीजमध्ये, थंड हवेच्या यंत्रांत, फवारण्याच्या डब्यांत आणि फोम तयार करताना वापरले जात. ते पेट घेत नाहीत, विषारीही नाहीत. म्हणून ते अगदी निरुपद्रवी समजले जात. परंतु ते सहजी नष्टही होत नाहीत. वाऱ्याबरोबर ते हळूहळू आकाशात खूप उंच जातात. तेथे अतिनील किरणांनी ते फुटतात आणि त्यांतून क्लोरीन बाहेर पडतो. क्लोरीनचा एक अणू ओझोनचे हजारो रेणू नष्ट करू शकतो. असे घडू शकेल, हे शेरवूड रोलंड आणि मारिओ मोलिना या शास्त्रज्ञांनी १९७४ सालीच अमेरिकेत सांगितले होते. पुढे १९९५ साली त्यांना पॉल क्रुटझन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

मग छिद्र अंटार्क्टिकावरच का पडले? तेथे तर फ्रीजची गरजच नाही! त्याचे कारण तेथील भयंकर थंडी. हिवाळ्याच्या लांबलचक रात्रीत तेथे आकाशात फार उंचावर बर्फकणांचे विरळ ढग तयार होतात. या कणांवर क्लोरीन जणू टपून बसतो. वसंतात सूर्य परत आला, की त्याच्या प्रकाशात तो झपाट्याने ओझोन नष्ट करू लागतो. म्हणूनच घट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिसत होती. वायू सोडले गेले शहरांतून आणि कारखान्यांतून. छत्री फाटली ती जेथे कोणीच राहत नाही तेथे. हवेला कुंपण नसते, मुलांनो.

धोका मात्र साऱ्यांनाच होता. अंटार्क्टिकाच्या समुद्रात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती तरंगतात. त्यांवर क्रिल नावाचे कोळंबीसारखे छोटे जीव जगतात आणि क्रिलवर पेंग्विन, सील आणि मोठमोठे देवमासे जगतात. अतिनील किरणांनी त्या बारीक वनस्पतींची हानी झाली, तर वरची सारी साखळी हादरते. आणि विरत चाललेला पट्टा तेवढ्यावरच थांबला नसता, तर आपल्या डोक्यावरची छत्रीही पातळ होत गेली असती.

म्हणून जगातील देश एकत्र आले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातील मॉन्ट्रिअल शहरात एक करार झाला. सीएफसी आणि तशा इतर वायूंची निर्मिती टप्प्याटप्प्याने कमी करत न्यायची, असे त्यात ठरले. गरीब देशांना नवी यंत्रे आणि नवे वायू घेणे परवडणारे नव्हते. त्यांच्यासाठी श्रीमंत देशांनी निधी द्यावा, असे १९९० साली लंडनच्या बैठकीत ठरले. १९९२ साली भारतही या करारात सामील झाला. हळूहळू जगातील सर्व देशांनी तो मान्य केला. असे फार क्वचित घडते. १६ सप्टेंबर हा दिवस आता ‘जागतिक ओझोन दिन’ म्हणून पाळला जातो.

सीएफसी वायूंचा वापर आता जवळजवळ थांबला आहे. मग छिद्र लगेच बुजले का? नाही. पूर्वी सोडलेले काही वायू हवेत पन्नास ते शंभर वर्षे टिकून राहतात. त्यामुळे आजही दर वर्षी वसंतात अंटार्क्टिकावर ओझोन कमी होतो. पण छत्री हळूहळू सांधली जात आहे. करार नीट पाळला, तर अंटार्क्टिकावरचा ओझोन २०६६ सालाच्या सुमारास १९८० सालासारखा होईल, असे शास्त्रज्ञांच्या २०२२ सालच्या अहवालात म्हटले आहे. तेव्हा तुमचे वय किती असेल, हिशेब करून पाहा बरे!

आणि हॅले ठाण्याचे काय झाले? ते अजून आहे. आताचे सहावे ठाणे पायांवर उभे आहे आणि त्या पायांखाली घसरपट्ट्या बसवल्या आहेत, म्हणजे गरज पडली तर ते ओढून नेता येते. तशी गरज पडलीही. बर्फाच्या लादीला मोठी भेग पडत चालली होती, म्हणून ठाणे २३ किलोमीटर आत ओढून नेले. जानेवारी २०२३ मध्ये त्या लादीचा मुंबईच्या दुपटीहून मोठा तुकडा खरोखरच तुटून समुद्रात गेला! ठाणे मात्र सुरक्षित राहिले. खबरदारी म्हणून २०१७ पासून हिवाळ्यात तेथे कोणी राहत नाही. माणसे नसली, तरी यंत्रे आपोआप नोंदी घेतात. आकाशाची हजेरी चुकलेली नाही.

आपला देशही अंटार्क्टिकावर काम करतो. तेथे भारताची ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही ठाणी आहेत. त्यांचा कारभार गोव्यातील वास्को येथील संस्थेतून चालतो. कदाचित तुमच्यापैकी एखादी मुलगी किंवा मुलगा उद्या तेथे जाऊन बर्फाची, खडकांची किंवा हवेची नोंद घेईल.

पण त्यासाठी मोठे होईपर्यंत थांबायला नको. आजच एक वही करा. दारच्या आंब्याला मोहोर कधी आला, पावशा पहिल्यांदा कधी ओरडला, पहिला पाऊस कोणत्या दिवशी पडला, हे तारखेसह लिहा. पुढच्या वर्षी लिहा, त्याच्या पुढच्या वर्षीही लिहा. आज ते आकडे मुके वाटतील. जे दिसले तेच लिहा, आवडले नाही तरी खोडू नका. एखाद्या वर्षी ती वही तुम्हांला असे काही सांगेल, की जे दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसेल.